मिरवणारे मेज, अदृश्य माणसे : सतराव्या शतकातील डच मेजवानी-चित्रांचे पुनर्वाचन

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात यान डाविड्स डे हेम या चित्रकाराचे १६४० सालचे एक चित्र आहे. १४९ सेंटिमीटर उंच व २०३ सेंटिमीटर रुंद अशा या चित्रात एक मेज मांडलेले असून त्यावर फळे, पाई, काचेचे पेले आणि मौल्यवान धातूची भांडी दाटीने रचलेली आहेत; कडेला एक तंतुवाद्य टेकवून ठेवलेले आहे. मेजवानीचा सारा सरंजाम आहे, मात्र जेवणारा कोणी नाही. हे चित्र पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या संग्रहात गेले. १८९३ मध्ये तरुण मातीसने लूव्रमध्ये बसून त्याची नक्कल केली आणि १९१५ मध्ये त्याच रचनेची घनवादाच्या अंगाने नव्याने मांडणी केली. म्हणजे एका व्यापारी समाजाच्या जेवणघरासाठी घडलेला हा चित्रप्रकार राजवाड्यातही रुजला व आधुनिक चित्रकाराच्या कार्यशाळेतही. एवढ्या दीर्घ प्रवासात त्या मेजाभोवतीच्या रिकाम्या जागेचा प्रश्न मात्र फारसा कोणी उपस्थित केला नाही.

प्रस्तुत लेखात त्या रिकाम्या जागेचा विचार करावयाचा आहे. सतराव्या शतकातील डच मेजवानी-चित्रांत, साधारणतः १६१५ ते १६७० या काळात, खाद्यपदार्थ हळूहळू मागे सरतात व पात्रे पुढे येतात. जवळच्या वस्तू विरळ होतात आणि दूरच्या वस्तू मेज व्यापतात. या स्थित्यंतराबरोबर चित्रांतील नीतिविचारही आक्रसत जातो, आणि समीक्षेने ज्याला आजवर ‘मृत्यूचे स्मरण’ म्हणून गौरविले ते स्मरण केवळ मालकाच्या मृत्यूपुरते मर्यादित राहते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

‘स्टिललेव्हन’ हा डच शब्द १६५० च्या सुमारास रूढ होऊ लागला. त्यापूर्वीच्या मालमत्तेच्या याद्यांमध्ये चित्रांची नोंद त्यांतील विषयावरून होत असे : न्याहरीचे चित्र, मेजवानीचे चित्र, फळांचे चित्र. ‘प्रॉन्कस्टिललेव्हन’ ही संज्ञा अलीकडच्या कलेतिहासकारांनी रूढ केली. ‘प्रॉन्क’ या शब्दात दिमाख व प्रदर्शन हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतील ‘मिरवणे’ हे क्रियापद त्याला जवळचे वाटते. कारण मिरवण्यासाठी जशी वस्तू लागते तसा पाहणाराही लागतो.

आपल्याकडे ‘स्थिरचित्र’ किंवा ‘वस्तुचित्र’ म्हटले की शासकीय रेखाकला परीक्षेतील तांब्या, वांगी आणि मागे टाकलेले घडीचे कापड डोळ्यांसमोर येते. हा संस्कार इतका खोल आहे की स्थिरचित्र म्हणजे हात बसविण्याचा सराव, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ही समजूत आपलीच आहे असेही नाही. साम्युएल व्हान होख्स्ट्रातन याने १६७८ मधील आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात अशा चित्रकारांना कलेच्या सैन्यातील साध्या शिपायांच्या रांगेत बसविले होते. ज्या समाजाने ही चित्रे सर्वाधिक विकत घेतली त्याच समाजाच्या सिद्धान्तकारांनी त्यांना सर्वांत खालचा दर्जा द्यावा, ही विसंगती लक्षणीय आहे.

न्याहरीचे मेज

या परंपरेचा प्रारंभ पाहण्यासाठी ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील फ्लोरिस व्हान डाइक याचे १६१५ च्या सुमाराचे चित्र उपयुक्त आहे. पांढऱ्या दमास्क कापडावर चीजचे मोठे गोल एकावर एक रचलेले आहेत. भोवती फळे व पाव आहेत. एक कथिली थाळी मेजाच्या कडेबाहेर इतकी आली आहे की पाहणाऱ्याने हात पुढे करून ती आत सरकवावी. दृष्टिकोन उंचावरचा असल्याने प्रत्येक पदार्थ सुटा दिसतो, जणू यादी वाचून दाखवावी तसा. याच काळात अँटवर्पमध्ये क्लारा पीटर्स ही चित्रकर्ती चीज, बदाम व खाऱ्या बिस्किटांची चित्रे रंगवीत होती. ती फ्लेमिश, म्हणजे दक्षिणेकडील. परंतु त्या काळी चित्रकार आणि चित्रशैली यांची दक्षिणोत्तर ये-जा इतकी होती की ‘डच’ या विशेषणाची सीमा फार काटेकोरपणे आखू नये. स्वतः डे हेमही उत्रेख्तमध्ये जन्मला व १६३६ पर्यंत अँटवर्पला स्थायिक झाला.

हार्लेममध्ये पीटर क्लास (मृत्यू १६६०) आणि विलेम क्लास हेडा (१५९४–१६८०) यांनी या प्रकाराला वेगळे वळण दिले. दृष्टिकोन खाली आला, वस्तूंची संख्या घटली आणि रंग जवळपास एकाच छटेत विरघळले : राखाडी, फिकट हिरवा, तपकिरी. हेडाच्या १६३५ च्या चित्रात कालवे, लिंबू, पाव, आडवे पडलेले चांदीचे पात्र व एक सोनेरी मुलामा दिलेला चषक एवढाच ऐवज आहे. चुरगळलेले पांढरे कापड एका बाजूला ढकललेले आहे. जेवणारा नुकताच उठून गेला असावा असा भास होतो. हा अव्यवस्थेचा आभास अत्यंत विचारपूर्वक घडविलेला आहे, हे सांगावयास नको. मंद रंगांच्या या शैलीमुळे चित्रे लवकर पुरी होत व तुलनेने स्वस्त पडत, असे आर्थिक स्पष्टीकरणही अभ्यासकांनी दिले आहे. ते खरे मानले तरी त्यामुळे कालवाच्या ओलसर चकाकीवरून कथिली थाळीच्या कोरड्या चकाकीकडे नजर वळते तेव्हा जो आनंद मिळतो, तो उणा होत नाही.

मिरीची पुडी

क्लासचे १६२७ मधील चित्र (राइक्सम्यूझियम) या दोन टप्प्यांच्या सांध्यावर उभे आहे, म्हणून त्याच्यापाशी अधिक थांबणे आवश्यक वाटते. मेजावर गालिचा, त्यावर पांढरे कापड. मागील बाजूस टर्की पक्ष्याची पाई असून तिच्यावर त्या पक्ष्याचे पिसांसहित डोके व पंख सजवून बसविले आहेत. शेजारी नॉटिलस शंखाला मुलाम्याच्या कोंदणात बसवून केलेला चषक. चिनी मातीच्या वाडग्यात ऑलिव्ह, पुढे कालवे, अर्धवट सोललेले लिंबू, पाव. आणि पुढच्या भागात, सहज नजरेतून सुटेल अशी, पंचांगाच्या पानाची वळलेली पुडी व तिच्यातून डोकावणारी मिरी.

या चित्रातील भूगोल मोठा आहे. टर्की हा मूळचा अमेरिकेतील पक्षी. लिंबू व ऑलिव्ह भूमध्य समुद्राच्या काठचे. गालिचा पूर्वेकडील बाजारातला. शंख हिंदी महासागर व त्यापलीकडच्या उष्ण समुद्रांतला. भांडी चीनची. मिरी आशियातील. ज्युली बर्गर होख्स्ट्रासर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्थिरचित्रांतील एकेक जिन्नस घेऊन त्याच्या व्यापाराचा माग काढला, आणि या चित्रांचे वाचन त्यामुळे कायमचे बदलले. तोपर्यंत मिरीची पुडी ही रचनेतील एक गमतीदार बारकावा मानली जात होती.

मात्र पुडीत आणखीही काही आहे. जहाजातून हजारो मैल आलेली मिरी वर्ष संपल्यावर निरुपयोगी झालेल्या पंचांगाच्या पानात बांधली जाते. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात रद्दी कागदाची पुडी बांधलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या तपशिलाचा घरगुतीपणा वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. दूरची वस्तू इतकी घरची झाली आहे की तिच्यासाठी वेगळे पात्रही लागू नये. तिचा दूरपणाच पुसला गेला आहे. आमच्या मते, या चित्रप्रकाराचे मर्म शोधावयाचे तर ते शंखाच्या चषकापेक्षा या पुडीत अधिक सापडते.

भारतीय वाचकाला ती मिरी मलबारची असावी असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळला पाहिजे. १६२७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची मिरीची खरेदी मुख्यतः जावा व सुमात्रा या बेटांवर होत असे. कोचीन डचांच्या हाती आले ते १६६३ मध्ये. आपल्या किनाऱ्याचा या मेजाशी असलेला खरा संबंध वेगळा आहे आणि तो मिरीपेक्षा चिनी मातीच्या वाटेने येतो.

गोव्याहून निघालेले जहाज

‘साओ तियागो’ हे पोर्तुगीज गलबत १६०१ च्या नाताळात गोव्याहून लिस्बनकडे निघाले. १६०२ च्या मार्च महिन्यात सेंट हेलेना बेटापाशी झीलंड प्रांताच्या जहाजांनी ते लुटले व त्यावरील माल, चिनी मातीच्या भांड्यांसह, मिडलबर्ग येथे विकला गेला. या जहाजावर फ्रान्चेस्को कार्लेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी होता. जगप्रवासात जमविलेली त्याची सारी मालमत्ता त्यात गेली आणि ती परत मिळविण्यासाठी त्याला नेदरलँड्समध्ये कित्येक वर्षे झगडावे लागले. १६०३ मध्ये याकोब व्हान हेमस्कर्क याने सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे मकावहून मलाक्काकडे निघालेले दुसरे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यावर सुमारे एक लाख चिनी मातीची भांडी होती असे सांगितले जाते. ॲम्स्टरडॅममधील लिलावात या जहाजाच्या मालाला सुमारे ३५ लाख गिल्डर आले; १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे मूळ भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. पोर्तुगीजांच्या ‘कराक’ जातीच्या या जहाजांवरूनच अशा निळ्या-पांढऱ्या भांड्यांना ‘क्राक’ हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

या लुटीच्या समर्थनार्थ कंपनीने तरुण कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याच्याकडून युक्तिवाद लिहवून घेतला. त्यातील एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ म्हणजे ‘मुक्त समुद्र’ या नावाने प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात हा ग्रंथ आजही वाचला जातो. क्लासच्या मेजावरील वाडगा आणि तो ग्रंथ ही एकाच घटनाक्रमाची अपत्ये आहेत, याकडे विधी व कला या दोन्ही शाखांच्या अध्यापकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

पुढे १६३७ च्या सुमारास याच कंपनीने वेंगुर्ले येथे वखार घातली. हेतू उघड होता : गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराला रसद पुरविणे व पोर्तुगीजांवर नजर ठेवणे. त्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यात उभे आहेत. शिवकालीन व त्यानंतरच्या मराठी कागदपत्रांत हे लोक ‘वलंदेज’ या नावाने येतात. ‘आज्ञापत्रा’तील टोपीकरांच्या यादीतही त्यांचे नाव आहे. आपल्या पूर्वजांनी ज्यांना वखारीच्या दारातून पाहिले, त्यांचे जेवणाचे मेज आपण आता संग्रहालयाच्या भिंतीवर पाहतो. दोन्ही दृश्ये एकत्र ठेवल्याशिवाय यांपैकी एकही पुरेसे समजत नाही.

जेवणाशिवाय मेजवानी

१६४० नंतर मेज बदलते. समृद्धी वाढली, आणि ती दाखविण्याचा संकोच कमी झाला. आद्रिआन व्हान उत्रेख्त याच्या १६४४ च्या भव्य चित्रात (राइक्सम्यूझियम) शेवंड आहे, फळांच्या राशी आहेत, वाद्ये आहेत, पोपट, माकड व कुत्रा आहे. या चित्रापुढे उभे राहिले असता क्लासच्या मेजावरील मिताहार आठवतो. डे हेम आणि आब्राहाम व्हान बेयरन यांच्या चित्रांतही ही गर्दी आहे. उकडलेल्या शेवंडीचा लाल रंग त्यांच्या रचनेचा ठरलेला मध्यबिंदू असतो. व्यक्तिशः या चित्रांपुढे मन फार काळ रमत नाही. डोळा एका वस्तूवरून दुसरीवर घसरतो आणि कोठेही स्थिरावत नाही.

विलेम काल्फ (१६१९–१६९३) याच्यापाशी मात्र गोष्ट निराळी होते. त्याने गर्दी काढून टाकली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील १६५३ च्या सुमाराच्या चित्रात म्हशीवर्गीय प्राण्याचे, चांदीच्या बैठकीवर बसविलेले एक पानशृंग आहे. ते ॲम्स्टरडॅमच्या संत सेबास्तियन तिरंदाज संघाचे असून १५६५ मधील मूळ वस्तू ॲम्स्टरडॅमच्या संग्रहात जतन झालेली आहे. खाली शेवंड, सोललेले लिंबू आणि पेले. माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयातील १६६२ च्या चित्रात आठ चिनी अमर सिद्धांच्या उठावदार आकृती असलेला वाडगा, नॉटिलसचा चषक, गालिचा, लिंबू. इंडियानापोलिस येथील १६६९ च्या चित्रात मिंगकालीन आल्याची बरणी आहे. पार्श्वभूमी जवळजवळ काळी. प्रकाश एका कडेने येतो आणि प्रत्येक पृष्ठभागाला त्याच्या स्वभावाप्रमाणे स्पर्श करतो.

या चित्रांत खावयाचे काय आहे, असा साधा प्रश्न विचारून पाहावा. चीज नाही. पाव नाही, असलाच तर नाममात्र. हेरिंग मासा, जो या देशाच्या सागरी समृद्धीचा पाया होता, तो नाही. उरते ते लिंबू आणि एखादे फळ. म्हणजे जेवणाला चव आणणारी वस्तू आहे, जेवण नाही. व्हान डाइकच्या मेजावर भूक भागली असती. काल्फच्या मेजावर भूक हा विषयच उरलेला नाही. खाण्यासाठी मांडलेले मेज पन्नास वर्षांत बाळगण्यासाठी मांडलेले मेज झाले. यालाही एक ऐतिहासिक संदर्भ आहे. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली, चीनमधील यादवीमुळे चिनी मातीचा पुरवठा तुटला आणि १६५९ मध्ये कंपनीने जपानमधील आरिता येथे मोठी मागणी नोंदविली. काल्फ १६६९ मध्ये मिंग बरणी रंगवितो तेव्हा ती बाजारात सहज मिळणारी वस्तू राहिलेली नव्हती. क्लासच्या वाडग्यात ऑलिव्ह ठेवले होते. काल्फच्या बरणीत काय आहे हे विचारण्याचे कारणच पडत नाही.

काल्फचे सामर्थ्य नाकारण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. गटेने १७९७ मध्ये फ्रँकफर्ट येथे त्याचे एक चित्र पाहून असा अभिप्राय नोंदविला की, सोन्याची पात्रे व त्यांचे हे चित्र यांतून निवड करावयाची झाली तर आपण चित्र निवडू. त्याच्याही आधी, १७०७ मध्ये, खेरार्ड डे लेरेस याने काल्फवर उलट आक्षेप घेतला होता : हा चित्रकार निपुण आहे, परंतु आपण जे रंगवितो ते का रंगवितो याचे कारण त्याला देता येत नाही. डे लेरेसला रूपकात्मक अर्थ हवा होता व तो न सापडल्याने तो नाराज होता. त्याची अपेक्षा आज कालबाह्य वाटेल. प्रश्न मात्र तसा नाही.

स्मरण कोणाच्या मृत्यूचे?

या प्रश्नाचे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी उत्तर प्रतिमाशास्त्राने दिले. एडी डे योंग यांनी, विशेषतः १९७६ च्या राइक्सम्यूझियममधील प्रदर्शनातून, सतराव्या शतकातील बोधचित्र-ग्रंथांच्या आधारे डच चित्रांतील गर्भितार्थ उलगडले. त्यानुसार घड्याळ म्हणजे सरणारा काळ, आडवा पेला म्हणजे जीवनाची क्षणभंगुरता, सोललेले लिंबू म्हणजे दिसावयास सुंदर पण चवीला आंबट असे ऐहिक सुख. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये याला विरोध करून डच चित्रकला अर्थ दडविण्यापेक्षा दृश्य जगाचे वर्णन करण्यात गुंतलेली आहे, अशी भूमिका मांडली. सायमन शामा यांनी १९८७ मध्ये श्रीमंतीचा अपराधगंड हे सूत्र सुचविले. नॉर्मन ब्रायसन यांनी १९९० मध्ये या मेजांकडे एका समाजाचा स्वतःच्या सुबत्तेशी चाललेला संवाद म्हणून पाहिले. या सर्वांच्या बरेच आधी, १९५३ मधील एका छोट्या निबंधात, रोलाँ बार्त यांनी या वस्तूंच्या तकाकीकडे बोट दाखविले होते : ही तकाकी मालकाची नजर आपल्या साम्राज्यातून सुखाने घसरत जावी म्हणून आहे, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण आजही ताजे वाटते.

क्षणभंगुरतेचे वाचन चुकीचे आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. क्लासने कवटीची चित्रे रंगविली आहेतच आणि मेजावरील घड्याळ केवळ शोभेसाठी आले असे मानणे भाबडेपणाचे होईल. आक्षेप वेगळा आहे. ‘तूही मरणार आहेस’ असे ज्याला सांगितले जाते तो कोण? तो चित्राचा मालक आहे. वैभव नश्वर आहे, कारण ते भोगणारा नश्वर आहे. ज्यांच्यामुळे हे वैभव मेजावर आले त्यांचे मरण या हिशेबात येतच नाही. १६२१ मध्ये यान पीटर्सझून कून याच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या सैन्याने जायफळाच्या बांदा बेटांचा ताबा घेतला. सुमारे पंधरा हजार मानल्या जाणाऱ्या तेथील लोकसंख्येपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, पळून गेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. बेटांवर उरले ते सुमारे एक हजार. क्लासचे मेज यानंतर सहा वर्षांनी रंगविलेले आहे. १६३० ते १६५४ या काळात ब्राझीलचा साखर पिकविणारा ईशान्य भाग डचांच्या ताब्यात होता व १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिना हा किल्ला त्यांनी जिंकला. साखर आणि गुलामांचा व्यापार ही एकाच जमाखर्चाची दोन पाने झाली.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो : हार्लेममधील चित्रकाराकडून बांदाच्या हत्याकांडाचा जाब मागणे हा कालविपर्यास नव्हे काय? चित्रकाराला व्यक्तिशः दोषी धरणे निश्चितच अनुचित ठरेल. परंतु ही माहिती त्या काळी अज्ञात होती असे मात्र म्हणता येत नाही. खुद्द कंपनीच्या संचालकांनीही कूनच्या कठोरपणाबद्दल, सौम्य शब्दांत का होईना, नापसंती कळविली होती. त्यामुळे प्रश्न दोषाचा नसून रूपबंधाचा आहे. एखाद्या कलाप्रकाराने आत्मपरीक्षणासाठी स्वतःची एक समृद्ध चिन्हव्यवस्था घडवावी — घड्याळ, कवटी, आडवा पेला — आणि त्या व्यवस्थेत दुसऱ्याच्या दुःखासाठी एकही चिन्ह असू नये, हे त्या कलाप्रकाराविषयीचे विधान आहे. नश्वरतेची ही चिन्हे अपराधाची जाणीव जागवितात की तिला मालकाच्या पारलौकिक चिंतेत सुरक्षितपणे विसर्जित करतात, असा विचार करता आम्हांस दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक वाटते.

एका ठिकाणी हा नियम मोडतो. युरियान व्हान स्ट्रेक (१६३२–१६८७) याच्या काही चित्रांत चिनी मातीच्या भांड्यांमागे एक कृष्णवर्णीय सेवक उभा असतो. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमधील चित्र त्यांपैकी एक. प्रथमदर्शनी वाटते की अखेर मेजापाशी माणूस आला. पण तो जेवणारा नाही, आणि चित्रातील त्याचे स्थान बरणीच्या स्थानाहून फारसे भिन्न नाही. दूरच्या वस्तूंच्या यादीत आणखी एकाची भर पडली आहे.

नेदरलँड्समध्ये या विषयावर आता उघडपणे बोलले जाते. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅम म्यूझियमने सतराव्या शतकासाठी ‘सुवर्णयुग’ हा शब्द यापुढे न वापरण्याचे जाहीर केले. राइक्सम्यूझियमने तो शब्द सोडला नाही, मात्र २०२१ मध्ये गुलामगिरीवर स्वतंत्र प्रदर्शन भरविले. २०२२ मध्ये पंतप्रधानांनी व २०२३ मध्ये राजाने गुलामगिरीबद्दल क्षमायाचना केली. शब्द वगळल्याने मेज बदलत नाही, हे खरे. तथापि आपल्या विद्यापीठांतील कलेतिहासाच्या टिपणांत ‘डच सुवर्णयुग’ हा शब्दप्रयोग अवतरणचिन्हाविना सर्रास येतो, तेव्हा तो कोणाचे सोने होते एवढे तरी वर्गात विचारले जावे.

किटलीतील चेहरा

या सर्व चित्रांत एक हात मात्र लपत नाही, आणि तो चित्रकाराचा आहे. क्लारा पीटर्सच्या हेग येथील मॉरित्सहाउसमधील चित्रात सुरीच्या मुठीवर तिचे नाव कोरलेले आहे आणि सुरईच्या कथिली झाकणावर तिचा इवलासा चेहरा उमटलेला आहे. हे चित्र २०१२ मध्ये त्या संग्रहालयाने घेतले. २०१६ मध्ये माद्रिदच्या प्रादोने तिचे प्रदर्शन भरविले, आणि एका स्त्री चित्रकाराला वाहिलेले ते त्या संग्रहालयाचे पहिले प्रदर्शन ठरले. व्हान बेयरननेही ही युक्ती अनेकदा वापरली. क्लीव्हलँड येथील त्याच्या चित्रात चांदीच्या पात्राच्या फुगीर पोटावर तो स्वतः दिसतो. छापील पुस्तकातील लहान चित्रात हे कळत नाही. संग्रहालयांनी आता उपलब्ध करून दिलेल्या मोठ्या प्रतिमा पडद्यावर मोठ्या करीत गेले, की चकाकीचा एक ठिपका हळूहळू माणूस होतो.

श्रम करणाऱ्या व्यक्तीला या मेजावर मिळालेली हीच काय ती जागा. ज्याने शंख समुद्रातून काढला, ज्याने बरणी चाकावर घडविली, ज्याने मिरी वाळविली, त्यांपैकी कोणाचेही प्रतिबिंब कोणत्याही चषकात पडलेले नाही. पीटर्सने मात्र आपला चेहरा ठेवला, आणि तोही एका झाकणावर नव्हे. मॉरित्सहाउसच्या चित्राप्रमाणे तिच्या इतर चित्रांतही तो पात्रांच्या उठावांवर, प्रत्येक फुगवट्यात वेगळा वाकलेला, पुन्हा पुन्हा आढळतो.